व्हाळाच्या तोंडावरचं घरटं

"गुरुजी, तिथंच थांबा," अप्पा तोडणकर ओरडले. "अजून एक पाऊल टाकलंत, तर ते कुणाच्या हद्दीत टाकलंत हा प्रश्न येईल."

मी उचललेला पाय तसाच धरून उभा राहिलो. माघ पौर्णिमेची सकाळ होती, साडेसात वाजले होते. आमच्या किनाऱ्यावर व्हाळ जिथं समुद्राला मिळतो, तिथल्या वाळूच्या दांड्यावर रात्री एक कासवीण येऊन गेली होती. पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला तिचा माग स्पष्ट दिसत होता. माग जिथं वळला होता तिथं वाळू उकरून थापटलेली होती. म्हणजे खाली अंडी. त्या थापटलेल्या वाळूच्या एका बाजूला खारवलीचं निळं फडकं काठीला लावून रोवलं होतं आणि दुसऱ्या बाजूला उंडिवण्याचं पिवळं.

अप्पा तोडणकर खारवलीचे. पिवळ्या फडक्याशेजारी हाताची घडी घालून उभे होते ते दाजी मयेकर, उंडिवण्याचे. दोघे आपापल्या गावच्या कासवमित्रांचे अध्यक्ष. आणि मी लोखंडे गुरुजी, पाच गावांच्या कासव संवर्धन संघाचा सचिव. मी मूळचा खटावचा, घाटावरचा. मला पोहता येत नव्हतं आणि बांगडा कुठला, पेडवा कुठला, हेही कुणीतरी सांगावं लागे. तरी पाच गावांनी मला सचिव केलं, कारण मी पाचांपैकी कुठल्याच गावचा नव्हतो.

संघाचे बारा नियम मीच लिहिले होते. त्यातला चौथा माझा आवडता. एका गावच्या घरट्याला दुसऱ्या गावच्या माणसाने हात लावायचा नाही, लावल्यास कासवमित्रांच्या यादीतून नाव कमी. या एका नियमामुळे तीन वर्षं भांडण झालं नव्हतं. भांडण झालं नाही म्हणजे एकी आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

"हद्द व्हाळाची," दाजी म्हणाले. "नकाशात तसं लिवलंय."

"कुठल्या तोंडाची?" अप्पांनी विचारलं.

अडचण खरी होती. गेल्या पावसात व्हाळ फुटून दोन तोंडांनी समुद्राला मिळाला होता आणि हा दांडा बरोबर त्या दोन तोंडांच्या मधे आला होता. व्हाळाला नकाशा वाचता येत नाही. त्या वर्षी खारवलीची सात घरटी झाली होती, उंडिवण्याचीही सात. ज्याची जास्त, त्याच्या किनाऱ्यावर कासव उत्सव. आठवं घरटं नेमकं इथं.

"नियमाप्रमाणे आपण तातडीची सभा घेऊ," मी म्हणालो.

"गुरुजी, भरती बारा वाजता हाय," मागून आवाज आला. "तुमची सभा किती वाजता संपणार?"

यमुना डोर्लेकर घोटाभर पाण्यात उभी होती, कमरेला टोपली. ती रोज ओहोटीला इथं तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला यायची. संघाच्या यादीतली ती एकटी बाई. माहेर उंडिवणं, सासर खारवली. नवरा होडी घेऊन गेला तो आलाच नाही, आणि सासरा एके काळी कासवाची अंडी बाजारात विकायचा. त्या काळात सगळेच खायचे, पण विकणाऱ्याचं नाव लक्षात राहतं. त्यामुळे तिला यादीत घ्यायला दोन्ही गावांचा विरोध होता आणि मी हट्ट धरला होता. शाळेच्या भिंतीवर यादी लागली तेव्हा तिनं आपल्या नावावरून हळूच बोट फिरवलं होतं. मग पदराला हात पुसून म्हणाली होती, "आता कोण काय म्हणतंय बघू." त्या एका ओळीनं तिचा सासरा पुसला जाणार होता.

"यमुनाताई, वेळ आहे," मी म्हणालो. "साडेचार तास म्हणजे पुष्कळ."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा तिसऱ्या शोधायला वाकली.

सभा वाळूतच भरली. दोन्ही फडक्यांपासून सारख्या अंतरावर बसायचं ठरलं, ते अंतर मोजण्यात पाऊण तास गेला. अप्पा म्हणाले, कासवीण उत्तरेकडून आली. दाजी म्हणाले, आली असेल, पण अंडी घालताना तिचं तोंड दक्षिणेला होतं. मी सगळं लिहून घेत होतो. दहा वाजता कुणीतरी म्हणालं, "आधी अंडी तर काढून वर ठेवूया, मग ठरवू." दोन्ही गावं एका आवाजात म्हणाली, "काढायची कुणी?" आणि त्यावर मला चौथा नियम मोठ्यानं वाचून दाखवावा लागला.

शेवटी अप्पा म्हणाले, "देवीला विचारू."

सोमजाई दोन्ही गावांची एकच. देऊळ व्हाळाच्या वरच्या अंगाला, पाच मिनिटांवर. गुरवाने देवीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवा कौल दिलास तर खारवलीचं, डावा दिलास तर उंडिवण्याचं, चुकलं-माकलं असेल तर लेकरं समजून पदरात घे. "व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणालो. मग सगळे त्या पाकळ्यांकडे बघत बसलो.

पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी. सव्वाअकरा झाले.

"देवी काय म्हणतेय?" दाजींनी विचारलं.

"देवी म्हणतेय, थांबा," गुरव म्हणाला.

आम्ही थांबलो. समुद्र मात्र सोमजाईचा भक्त नव्हता. पावणेबाराला देवळाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, पाणी दांड्यावर चढलं. मग जे पळालो! अप्पा, दाजी, गुरव, मी, पंचवीस-तीस माणसं. फडकी कधीच आडवी झाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही गावांचे हात एका खड्ड्यात गेले. पाणी घोट्याला लागत होतं आणि माणसं ओंजळीनं वाळू उपसत होती. हातभर खोल गेलो, दीड हात गेलो.

खड्डा रिकामा होता. एक टरफलसुद्धा नव्हतं.

आधी सगळ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. यमुना व्हाळाच्या काठावर टोपली पायाशी ठेवून उभी होती.

"पहाटेपासून कोण होतं हितं?" अप्पांनी विचारलं.

"मीच होते," ती म्हणाली.

"हिनंच काढलीन अंडी," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "सासऱ्याची सून शोभतेय!"

"यमुने, खाल्लीस की विकलीस?" दाजींनी विचारलं.

"खाल्ली नाय आणि विकली पण नाय."

"मग कुठं हायत?"

तिनं टोपली उचलून कमरेला लावली. अप्पा दाजींना म्हणाले, "तुमच्या गावची लेक." दाजी म्हणाले, "तुमच्या गावची सून." सकाळपासून अंड्यांवर दोघांचा हक्क होता. यमुनेवर मात्र कुणाचाच निघाला नाही.

त्याच दुपारी शाळेत सभा झाली आणि तिचं नाव कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. संघाच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव. कागद मी लिहिला. भिंतीवरच्या यादीतली तिची ओळ मीच पट्टी धरून खोडली, सरळ रेघेत. मला वाकडी रेघ खपत नाही.

संध्याकाळी मी तिच्या दारी गेलो. मला वाटत होतं की मी फार उदारपणा करतोय. ती अंगणात तिसऱ्या निवडत होती.

"यमुनाताई, मला एकट्याला सांगा. मी तुमच्या बाजूचा आहे."

"सांगितलं तर काय कराल?"

"नियमाप्रमाणे पंचनामा करावा लागेल. मग सभा बोलवू. अंडी ज्या गावची ठरतील त्या गावच्या कुंपणात नेऊन पुरू."

तिनं हातातली तिसरी फोडली, बघितली आणि टाकून दिली.

"मग नाय सांगत," ती म्हणाली.

मी घरी आलो तो तिच्यावर रागावूनच. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनाशी म्हणालो. तिनं साधी हाकसुद्धा मारली नव्हती, बोंब तर दूरच, पण रागावलेल्या माणसाला म्हण लागते.

पुढचे दिवस तिला वाईट गेले. वाडीतल्या बायका ओहोटीला निघताना तिच्या दारावरून जात, पण हाक मारत नसत. तिच्या टोपलीतल्या तिसऱ्या कुणी घेईना. पोरं तिला "अंडीखाऊ" म्हणत. ती माझ्याच शाळेतली पोरं, आणि मी त्यांना गप्प बसवलं नाही. मला फक्त एक गोष्ट चमत्कारिक वाटायची. ती रोज दुपारी सुरूच्या बनाकडे लाकडं गोळा करायला जायची आणि परत येताना डोक्यावर चार काटक्या असायच्या. एवढ्याशा जळणासाठी एवढी पायपीट! मला वाटलं, बाई माणसांना टाळतेय.

सुरूच्या बनाच्या पलीकडे दोन्ही गावांचं स्मशान होतं. देवीप्रमाणे तेही एकच. उंच, कोरड्या वाळूचा पट्टा. भरतीचं पाणी तिथवर कधी येत नाही आणि मयत असल्याशिवाय तिकडे कुणी फिरकत नाही. बायका तर मुळीच नाहीत.

रामनवमीच्या आदल्या दिवशी अप्पा तोडणकर गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं. थोरला मुलगा मुंबईहून यायचा होता, म्हणून थांबलो. तो पाचला आला. चिता पेटली तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. दोन्ही गावं आली होती. भांडणं कितीही असोत, मयताला येणं कुणी चुकवत नाही. चितेच्या उत्तरेला खारवली उभी होती, दक्षिणेला उंडिवणं. कवटी फुटल्याशिवाय हलायचं नाही हा रिवाज, त्यामुळे सगळे हात बांधून उभे होतो.

अंधारायला लागलं. बनाच्या कडेला, चितेपासून तीस-चाळीस पावलांवर, मला वाळू हलल्यासारखी वाटली. आधी वाटलं, धुरानं डोळे चुरचुरतायत. मग वाळूचा तो तुकडा खाली बसला आणि त्यातून एक काळं पिल्लू वर आलं. त्याच्या पाठीवरून दुसरं. मग भांड्यातलं दूध उतू जावं तशी पिल्लं बाहेर पडायला लागली.

कासवाचं पिल्लू उजेडाकडे चालतं. समुद्रावर आकाश उजळ असतं, म्हणून त्याला समुद्र सापडतो. हे मी संघाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, चित्रासकट. त्या संध्याकाळी त्या किनाऱ्यावर सगळ्यात मोठा उजेड अप्पा तोडणकरांचा होता. पिल्लं समुद्राकडे पाठ करून सरळ चितेकडे निघाली.

मी नुसता बघत उभा राहिलो. पुस्तिकेत पुढचं काही लिहिलेलं नव्हतं.

सुरूच्या बनातून यमुना धावत आली. कासोटा खोचलेला, केस सुटलेले. स्मशानात बाई आलेली आमच्यातल्या कुणीही आयुष्यात पाहिली नव्हती.

"आगीच्या आड उभे ऱ्हावा!" ती ओरडली. "भिंत करा! अंगाला अंग लावा! उजेड दिसता नये त्यांना!"

"यमुने, बायकांनी हितं..." दाजींनी सुरुवात केली.

"मागाहून हाकला मला! आधी उभे ऱ्हावा!"

कुणी हलेना. चितेकडे पाठ करायची म्हणजे गेलेल्या माणसाकडे पाठ करायची. सगळे अप्पांच्या मुलाकडे बघायला लागले. ओल्या पंच्यातला तो पोरगा चितेकडे बघत होता, मग पिल्लांकडे. पहिलं पिल्लू त्याच्या पायापासून दहा हातांवर आलं होतं.

"फिरा," तो म्हणाला. "मी बघतो बापाकडं. तुमी फिरा."

आणि दोन्ही गावं फिरली. खारवलीच्या खांद्याला उंडिवण्याचा खांदा लागला. ज्यांच्या अंगावर उपरणी होती त्यांनी ती पसरून धरली. पाठी भाजत होत्या, आणि समोर वाळूवर अंधार पडला तसं एक एक पिल्लू थबकलं, वळलं, आणि समुद्राच्या दिशेला लागलं. जी जवळ आली होती ती यमुनेनं पदरात गोळा केली. मी तिच्यामागे धावलो, टोपीत सात-आठ घेतली.

"पाण्यात टाकू नका," ती म्हणाली. "चार हात अलीकडं सोडा. चालू द्या त्यांना."

"यमुनाताई," मी म्हणालो. मला धाप लागली होती. "का नाही सांगितलंत?"

"तुमीच शिकवलंत की, गुरुजी. पहिले काही तास गेले की अंडं हलवायचं नाय, आत जीव धरलेला असतो तो मरतो." तिनं वाकून एक उलटं पडलेलं पिल्लू सरळ केलं. "पहाटेच काढली मी. तुमाला सांगितलं असतं तर तुमी पुन्हा काढली असतीत. ठराव करून."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ते वाक्य माझं होतं, पुस्तिकेच्या नवव्या पानावरचं, आणि ते वाचून समजलेली पाच गावांत एकच व्यक्ती होती. तिचं नाव मी पट्टी धरून खोडलं होतं.

"पण इथं? स्मशानात?"

"हितं भांडत नाय कुणी," ती म्हणाली.

मागे चितेत फट्ट असा आवाज झाला. रिवाजाप्रमाणे आता निघायला हरकत नव्हती. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत एकही माणूस निघाला नाही. दाजींनी पिल्लं मोजली. त्र्याण्णव.

दुसऱ्या दिवशी, नवमीचा सुंठवडा खाऊन, संघाची सभा भरली. पहिला विषय बाई स्मशानात आल्याचा. स्मशान मुळात विटाळलेलंच, त्याला आणखी काय विटाळ लागणार, यावर गुरवाचं आणि दाजींचं एकमत झालं. दुसरा विषय त्र्याण्णव पिल्लं. निम्मी-निम्मी केल्यावर प्रत्येकी शेहेचाळीस आणि एक उरत होतं. त्या एकावर दीड तास चर्चा झाली. शेवटी ते संघाच्या नावावर टाकलं. माझ्या मते संघाने स्वतः मिळवलेलं असं तेवढंच एक होतं, आणि तेही वशिल्याने.

मग अहवाल. "संघाने दूरदृष्टी दाखवून सदर घरटे उभय गावांच्या सामाईक जागी स्थलांतरित केले," असं दाजींनी सांगितलं आणि मी लिहिलं. लिहिताना हात थांबला होता. "यात यमुनाबाईंचं नाव..." मी म्हणालो.

"तिचं नाव घातलं तर चौथ्या नियमाचं काय?" दाजींनी विचारलं. "तिनं हात लावलान तेव्हा घरटं कुणाचं ते ठरलेलंच नव्हतं, ते आता ठरवत बसायला लागेल. नाव यादीत परत घ्या, माझी ना नाय. अहवालात नको."

नियम माझाच होता. मी वाक्यापुढे पूर्णविराम दिला.

मी तिच्याकडे गेलो. ती अंगणातच होती. शेजारच्या दोन बायका तिच्यासोबत बसल्या होत्या, त्या मला पाहून आत गेल्या.

"तुमचं नाव परत यादीत घ्यायचं ठरलंय," मी म्हणालो.

"आणि कागदावर काय लिवलंत?"

मी वाचून दाखवलं. 'दूरदृष्टी' हा शब्द आला तेव्हा ती हसली, मोकळी हसली.

"बावन्न दिवस मला कुणी ओहोटीला हाक मारली नाय, गुरुजी. रडायला यायचं. कुणाला सांगायचं पण नाय, आणि तिकडं वाळू हलतेय का ते बघायला जायचं. ते कुठं लिवणार?"

त्यासाठी अहवालात रकाना नव्हता. मी कागदाची घडी घातली.

"चौथा नियम हाय अजून?" तिनं विचारलं.

"आहे. पण मी तो बदलायला लावीन. पुढच्या सभेत मांडतो."

"पाच गावं बसवून? तवर कासवीण थांबेल?" तिनं टोपली उचलली. "माझं नाव नका घालू. तवा लई हौस होती मला. आता नको. यादीत नाव आलं की नियम लागतो, आणि नियम लागला की हात बांधले. येत्या पावसात व्हाळ कुठं फुटेल कुणी सांगावं? मला नुसतंच ऱ्हाऊ दे."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी निवृत्त झालो, पण सचिवपद सुटलं नाही. संघ आता अकरा गावांचा आहे. लांबून माणसं आमच्या सामाईक घरट्याची जागा बघायला येतात, टिपणं काढतात, समाजाने एकत्र येऊन निसर्ग कसा राखावा यावर आम्हाला बोलायला लावतात. स्मशानाची कल्पना कुणाला सुचली, असं कुणी विचारलं की दाजी माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी नम्रपणे खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

चौथा नियम आजही आहे. दर वर्षी माघात व्हाळाच्या तोंडाशी एखादं घरटं सापडतं आणि दोन्ही गावं त्यावर हक्क सांगतात. मी तातडीची सभा बोलावतो. सभेत मुद्दे निघतात, मी ते सावकाश लिहून घेतो. दाजी आता ऐंशीच्या घरात आहेत, पण "देवीला विचारू" हे तेच सुचवतात, आणि देवळाकडे जाताना काठी टेकत मुद्दाम लांबच्या वाटेनं जातात. गुरव सांगतो, देवी म्हणते थांबा. आम्ही थांबतो. बाराला भरती येते, आणि त्या दिवसापासून यमुना पुन्हा रोज दुपारी चार काटक्यांसाठी सुरूच्या बनाकडे जायला लागते. मग मी नोंदवही उघडतो, त्या घरट्यापुढे 'भरतीने वाहून गेले' असा शेरा लिहितो, आणि दोन्ही गावचे अध्यक्ष त्याखाली काही न विचारता सही करतात.